उथळ पाण्यातला परमिट: खेकडा खाली बसू द्या

परमिट नावाचा मासा दिसतो, वळतो, गळावर धागे-पिसं बांधून केलेल्या खेकड्याच्या नकलेच्या, म्हणजे फ्लायच्या, मागे येतो, नाक खाली घालून तिला न्याहाळतो आणि निघून जातो. उथळ सपाट्यांवर नजरेने मासा हेरून गळ टाकणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. मग दोष फ्लायच्या रंगाला दिला जातो, नाहीतर नशिबाला. खरं कारण बहुतेकदा वेगळं असतं: मासा जवळ आल्यावर फ्लाय जे करते, ते खरा खेकडा करत नाही. मोठा मासा अंगावर येताना दिसला की खेकडा तिरका तळ गाठतो, गवतात किंवा वाळूत अंग दडवतो आणि हालचाल बंद करतो. फ्लाय मात्र नेमकी त्याच क्षणी वर ओढली जाते, कारण दोरी हातात असलेल्या माणसाला राहवत नाही. पुढे लिहिलंय ते बरंचसं या एका क्षणाची तयारी आहे.

आधी मासा. परमिट, शास्त्रीय नाव ट्रॅकिनोटस फाल्केटस, हा पश्चिम अटलांटिकचा मासा. फ्लोरिडा कीज, बहामा, क्युबा, मेक्सिकोतला असेन्शन बे आणि बेलिझ ही त्याची नावाजलेली ठिकाणं. हिंदी महासागरात सेशेल्सच्या अल्फॉन्ससारख्या प्रवाळ बेटांवर त्याचा सोनेरी झाक असलेला भाऊबंद, ट्रॅकिनोटस ब्लोकाय, मिळतो. सपाटीवर येणारे अटलांटिक परमिट साधारण ५ ते ३० पौंडांचे असतात. अंग उंच आणि बाजूंनी चपटं, डोळा मोठा, शेपूट काळं आणि खोल दुभंगलेलं. घशात कठीण पट्ट्या असतात, त्यांनी तो खेकड्याचं कवच भरडतो. या उंच अंगामुळे त्याला सपाटीवरच्या बोनफिश माशासारखं घोटाभर पाण्यात शिरता येत नाही. दोन ते चार फूट पाणी त्याला सोयीचं. त्याहून कमी पाण्यातही तो खाताना दिसतो, पण तेव्हा तो अतिशय बावचळलेला असतो आणि दोरीच्या सावलीनेही पळतो.

म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक पहिलं. ओहोटी संपून पाणी भरू लागलं की परमिट खोल चराच्या कडेला येऊन थांबतात, पाणी चढेल तसे कडेवरून आत सरकतात आणि पाणी उतरायला लागताच सगळ्यांच्या आधी बाहेर पडतात. भरतीच्या पहिल्या तासा-दोन तासांत सपाटीच्या मधोमध शोधणं वाया जातं. तेव्हा कडा बघायची, जिथे हिरवट निळं पाणी एकदम फिकट होतं ती रेघ. उधाणाच्या दिवसांत ते एरवी कोरड्या राहणाऱ्या उंचवट्यांपर्यंत पोचतात. भांगाच्या दिवसांत चरांमधले बुटके उंचवटे आणि कडा हीच जागा. प्रवाह वाहताच हवा. पाणी थबकलं की मासे असले तरी खात नाहीत, नुसते पृष्ठभागाजवळ तरंगत राहतात. पाण्याचं तापमान साधारण २१–२२ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, जसं फ्लोरिडात हिवाळ्यात उत्तरेची थंड लाट आल्यावर होतं, की ते खोल पाण्यात जातात आणि दोन-तीन दिवस सपाटी ओस पडते.

वाऱ्याबद्दल नवख्यांचा गैरसमज असतो. आरशासारखं शांत पाणी बघायला सुंदर आणि परमिटसाठी जवळपास निरुपयोगी. १० ते १५ नॉटचा वारा पाण्यावर लाटांची जाळी उठवतो. तिच्याआड बोट, माणूस आणि दोरी झाकली जाते, फ्लाय पडल्याचा आवाजही विरतो. फेक अवघड होते हे खरं, पण सौदा फायद्याचाच आहे.

आता बघण्याबद्दल, कारण अर्धं काम तिथेच होतं. पोलराइज्ड चष्म्याशिवाय या मासेमारीला अर्थ नाही. स्वच्छ उन्हात तांबूस किंवा अंबर काच, ढगाळ हवेत किंवा सकाळी लवकर फिकट पिवळी. राखाडी काच डोळ्याला थंड वाटते, पण तळाचे रंग एकमेकांत मिसळते. पाण्यावरची चकाकी पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून बघताना सर्वांत जास्त कापली जाते. त्याहून लांब, म्हणजे आणखी तिरकं बघताना काच कमी काम करते. उंचावर उभं राहण्याचा खरा फायदा हा आहे. चकाकी उरली असेल तर डोकं हळू एका बाजूला कलवून बघा, एका ठरावीक कोनात ती अचानक नाहीशी होते. टोपीच्या कडेची खालची बाजू काळी असावी, पांढरी कड पाण्यावरून उसळलेला उजेड डोळ्यात परत फेकते.

नजर पाण्यावर ठेवायची नाही, तळावर ठेवायची. तळाचं गवत, वाळूचे डाग, दगड नीट दिसत असतील तर त्यांवरून सरकणारी कोणतीही गोष्ट आपोआप दिसते. परमिटचं अंग चांदीचं, तळाचं प्रतिबिंब घेणारं. त्यामुळे आख्खा मासा क्वचितच दिसतो. दिसतं ते काळं शेपूट, पाठीची काळी कड, पांढऱ्या वाळूवर सावली, किंवा वळताना उडालेली एक चमक. खाताना तो डोकं खाली करतो आणि कोयत्यासारखी शेपटीची टोकं पाण्याबाहेर येतात. झुंड पृष्ठभागाजवळून चालली असेल तर बाकीच्या लाटांशी न जुळणारी एक थरथर दिसते. लांब, ताठ आणि जागच्या जागी लटकलेला आकार बॅराकुडाचा. सलग नागमोडी चालणारा मुशीचा. ढग आले आणि सगळं पांढरं झालं तर खारफुटीच्या किंवा किनाऱ्याच्या गडद प्रतिबिंबात बघा, तेवढीच एक खिडकी उरते.

पाकट दिसली तर थांबा. पाकट वाळू उकरत चालते, चिखलाचा ढग उठवते, आणि त्यातून पळणारे खेकडे टिपायला परमिट तिच्या मागच्या कडेला चिकटून राहतो. हा मासा सगळ्यात जास्त घेणारा, कारण तो खायलाच आलेला असतो आणि त्याची नजर पाकटीवर असते. फ्लाय पाकटीच्या मागच्या कडेवर, जवळजवळ अंगावरच टाकायची. चार फूट बाजूला पडलेली फ्लाय त्याच्या लेखी नसतेच. (चालत मासेमारी करत असाल तर पाय उचलू नका, घासत न्या, वाळूत दडलेली पाकट धक्का लागताच निघून जाते, पाय वरून पडला तर काटा मारते.)

बोटीत नाक म्हणजे १२ वाजले आणि उजवा हात ३ वाजले, अशा घड्याळाच्या भाषेत दिशा सांगतात. बांबूवाला, म्हणजे मागच्या फळीवरून अठरा-वीस फुटी काठीने बोट ढकलणारा, म्हणतो, “१० वाजता, ७० फूट, उजवीकडे चाललाय.” ऐकणाऱ्याने आधी फेकदांडी त्या दिशेला रोखायची आणि मग मासा शोधायचा. दांडी चुकीच्या दिशेला असेल तर बांबूवाल्याला लगेच कळतं आणि तो “अजून डावीकडे, थांब” असं सांगून तिला जागेवर आणतो. नुसतं “कुठे? कुठे?” विचारण्यात मासा निघून जातो. अंतराचा अंदाज दोघांचा सारखा असतो असं धरू नका, सकाळी सुरुवातीलाच एखादा दगड दाखवून “हे किती?” असं एकमेकांना विचारून घ्या.

उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी मासा १० ते ११ वाजता आणणं हे बांबूवाल्याचं काम. तिथे मागची फेक बोटीच्या उजव्या अंगाबाहेरून जाते. मासा सरळ १२ वाजता असेल तर मागे जाणारा गळ बांबूवाल्याच्या तोंडाजवळून फिरतो, आणि १ ते ३ च्या मध्ये असेल तर आडवी किंवा उलट्या हाताची फेक लागते. मागे वळून मागच्या फेकीनेच फ्लाय सोडण्याचा सराव आधी करून ठेवावा, कारण वारा फेकत्या खांद्यावर असेल तेव्हा तोच एक सुरक्षित मार्ग उरतो.

आवाज. झाकण आपटणं, दगडावर काठीचं टोक टेकणं, फळीवर पाय बदलणं, लाटांवर बोटीचा तळ थपथपणं. हे सगळं पाण्यातून लांबवर जातं. मासा ६० फुटांच्या आत आला की बोट थांबलेली असावी आणि माणूस हललेला नसावा.

सामान थोडक्यात. ९ फुटी, ९ किंवा १० नंबरची दांडी. वारा जास्त आणि फ्लाय जड असेल तर १०. तरंगणारी, पुढे जड असलेली आणि उष्ण हवेसाठी बनवलेली दोरी, कारण थंड पाण्याची दोरी उन्हात ढिली आणि चिकट होते. रिळावर किमान २०० यार्ड बॅकिंग, म्हणजे मुख्य दोरीमागची बारीक राखीव दोरी. लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा निमुळता धागा, १० ते १२ फूट (पौंड म्हणजे धागा किती ताण सोसतो ते): दोरीकडून ५० पौंडी ५ फूट, ४० पौंडी २ फूट, ३० पौंडी दीड फूट आणि टोकाला २० पौंडी फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात फारसा न दिसणारा पारदर्शक धागा, ३ फूट. मासे फारच बिचकत असतील तर टोक १६ पौंडी. फ्लायला घट्ट गाठ मारू नका, उघड्या फाशाची गाठ मारा. घट्ट गाठीत जाड फ्लुरोकार्बन फ्लायला मागून धरून ठेवतं आणि ती तिरकी न उतरता लटकत उतरते.

फ्लायबद्दल माझं मत ठाम आहे: नमुने कमी, वजनं जास्त. परमिटचे नावाजलेले मासेमार डेल ब्राउन यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेली मर्किन अजूनही बहुतेक खेकडा-फ्लाय बांधण्याचा पाया आहे, आणि त्यांनी स्वतः फ्लायवर ५००हून अधिक परमिट पकडले. लोकरी धाग्याचे आडवे तुकडे बांधून खेकड्याच्या चपट्या आकारात कातरायचे, मधून रबरी पाय काढायचे, मागे नांग्यांसारखी दोन बाजूंना फाकलेली पिसं, आणि गळाच्या नाकाशी शिशाचे डोळे. वजन नाकाशी असल्यामुळे ती सपाट न पडता नाक खाली करून तिरकी उतरते आणि गळाचं टोक वर राहतं. सेशेल्सच्या अल्फॉन्सवर तयार झालेली अल्फ्लेक्सो हाही याच विचाराचा खेकडा, फक्त अंग जाळीदार नळीचं. गळ २ नंबरपासून १/० पर्यंत. एकच रंग, तळाशी जुळणारा, म्हणजे वाळूवर फिकट तपकिरी आणि गवतावर शेवाळी, पण वजन तीन प्रकारचं: दोन फूट पाण्यासाठी साखळीच्या मण्यांचे डोळे, तीन फुटांसाठी छोटे शिशाचे, चार फूट आणि जोरदार प्रवाहासाठी मोठे. सकाळी प्रत्येक फ्लाय बोटीच्या कडेला सोडून मोजा, तळाला जायला किती सेकंद लागतात आणि टोक वर करून बसते का. उलटी बसणारी फ्लाय गवतात अडकते. एका बाजूचे पाय कापून किंवा डोळ्यांची बांधणी सरळ करून ती सुधारते. नाही सुधारली तर फेकून द्या. जाड रबरी पाय आणि भरमसाठ लोकर हे बुडण्याचा वेग खाणारे नेहमीचे गुन्हेगार.

हे सेकंद कशासाठी लागतात ते आता. समजा मासा सेकंदाला तीन फूट चालतोय, पाणी तीन फूट आहे आणि तुमची फ्लाय दोन सेकंदांत तळाला जाते. म्हणजे ती बसेपर्यंत मासा सहा फूट पुढे आलेला असेल. मग ती त्याच्या नाकापुढे सात-आठ फुटांवर पडली पाहिजे. हिशोब न करता “तीन फूट पुढे” टाकली, तर मासा पार होताना फ्लाय अजून त्याच्या डोळ्याच्या वर तरंगत असते, आणि परमिट वर बघून क्वचित खातो. उलट, शेपूट वर करून खाणारा मासा जवळजवळ थांबलेला असतो, डोकं गवतात असतं, त्याला फूट-दोन फुटांपलीकडचं दिसत नाही. तिथे फ्लाय डोक्याजवळ एका फुटावर पडली पाहिजे, शेपटी खाली जायच्या आत. तरंगत उभ्या असलेल्या झुंडीला जड फ्लाय पुढच्या माशाच्या नाकाजवळ टाकायची. पडतानाचा धपका त्यांना कधी कधी जागं करतो. पाठ करून चाललेल्या माशावर फेकूच नका. दोरी त्याच्या पाठीवरून जाईल. बोट वळवून पुढे जाण्याची वाट बघा.

प्रवाहाचा हिशोब यात मिळवायचा. परमिट बहुधा प्रवाहाकडे तोंड करून खातो, म्हणून फ्लाय प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावी. पण प्रवाह आडवा असेल तर दोरीला पोट येतं आणि ते पोट फ्लायला ओढत राहतं. तुम्ही काही केलं नाही तरी तुमचा खेकडा माशाकडे पळू लागतो. माशाकडे चालून येणारा खेकडा हे परमिटसाठी धोक्याचं चिन्ह आहे. असं झालं तर उचला आणि पुन्हा टाका.

दोरी फळीवर कशी पडलीये याकडे लोक दुर्लक्ष करतात. रिळावरून ६० फूट काढून खाली टाकली की फेकीला आधी लागणारं टोक ढिगाच्या तळाशी जातं. म्हणून एकदा पूर्ण फेकून परत ओढून घ्यायची, मग क्रम बरोबर होतो. फ्लाय डाव्या हातात गळाच्या वाकणाला धरून, दांडीच्या टोकाबाहेर लीडर आणि सात-आठ फूट दोरी सोडून उभं राहायचं. या अवस्थेतून एक किंवा फार तर दोन फेऱ्यांत ५० फूट गाठता आलं पाहिजे, चार-पाच सेकंदांत. सराव मैदानावर करताना १०० फुटांच्या मागे लागू नका. ५० फुटांवर वाऱ्यात थाळी मारता येणं जास्त उपयोगी.

आता तो क्षण. फ्लाय पाण्यात पडली की दांडीचं टोक पाण्यात, दांडी सरळ फ्लायकडे. एक छोटी ओढ, चार-सहा इंचांची. तिने दोरीतली ढील जाते आणि माशाला हालचाल दिसते. मासा वळला की हात थांबवा. इथे फ्लायला खाली बसू द्यायचं. मासा धावत येईल, वर येऊन उभा राहील, हात थांबलेलाच. दोरी ताणलेली हवी पण फ्लाय हलता कामा नये, यासाठी बोटांत दोरी धरून फक्त ढील तेवढी उचलत राहायची. मग माशाकडे बघा, दोरीकडे नाही: तो डोकं खाली करून शेपूट वर करेल, कल्ल्यांमागचे पंख थरथरतील, अंगाला एक झटका बसेल. तेव्हा फ्लाय तोंडात असण्याची शक्यता असते, पण दोरीत काहीच जाणवत नाही, कारण तो ओढत नाही, शोषून घेतो आणि तिथेच फोडतो. अशा वेळी लांब, सावकाश ओढ द्यायची, फूटभर. जड लागलं की तीच ओढ जोराने पूर्ण करायची, हाताने, दांडी न उचलता. हलकं लागलं तर थांबायचं. फ्लाय तळावर पुन्हा बसेल आणि मासा बऱ्याचदा दुसऱ्यांदा खाली वाकतो. दांडी वर मारणाऱ्याची फ्लाय मात्र दहा फूट उडते आणि ती संधी तिथे संपते. गोड्या पाण्यातल्या ट्राउटची सवय असलेल्यांना हे सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मासा मागे येतोय पण वाकत नाही, तर पुन्हा एक छोटी ओढ आणि पुन्हा पडू द्या. सलग लहान लहान ओढी देत राहणं ही सगळ्यात सामान्य चूक. तो पोहणाऱ्या कोळंबीचा वेश झाला, खेकड्याचा नव्हे.

गळ लागल्यावर पहिली नजर माशाकडे नाही, फळीवरच्या दोरीकडे. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने कडं करून दोरी त्यातून जाऊ द्यायची, पायाखाली, काठीत, रिळाच्या मुठीत अडकत नाही ना ते बघायचं. मग रिळावर. २० पौंडी टोकाला रिळाचा ब्रेक ४ ते ५ पौंड, वजनकाट्याने मोजून लावलेला. पहिली धाव सहज १०० यार्डांची असते. तेव्हा दांडी उंच, म्हणजे दोरी खारफुटीच्या रोपांवरून आणि प्रवाळपंख्यांवरून सुटेल. धाव संपल्यावर दांडी खाली, आडवा दाब. परमिट तोंड तळावर घासून फ्लाय काढायचा प्रयत्न करतो, तेव्हा दाब ढिला पडू देऊ नका.

फिरकी रिळाने जिवंत खेकडा वापरणं हा वेगळा आणि जास्त यशस्वी मार्ग आहे. त्यात कमीपणा काही नाही. दीड-दोन इंचांचा खेकडा, नांग्यांची टोकं मोडून, १/० किंवा २/० चा गोल गळ कवचाच्या कोपऱ्यातून खालून वर. १० ते १५ पौंडी विणलेली दोरी, ३ फूट २० पौंडी फ्लुरोकार्बन, शिसं नाही. माशाच्या पलीकडे दहा फूट फेकायचा, पाण्यावरून सरकवत वाटेत आणायचा आणि सोडून द्यायचा. झटका न मारता दोरी ताणेपर्यंत गुंडाळत राहायचं. नियम इथेही तोच, मासा बघतोय तोवर खेकडा वर उचलायचा नाही.

सोडताना घाई आणि हळुवारपणा दोन्ही लागतं. गळाचा काटा आधीच दाबून टाकलेला असावा. हात ओले, जाळं रबरी, मासा पाण्यातच. शेपटीच्या देठाला एका हाताने धरा, दुसरा पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. छायाचित्रासाठी उचलायचा तर एका श्वासापुरताच. तोल न सांभाळणारा मासा सोडला तर मुशी त्याला हमखास गाठते. लढत चालू असताना मुशी मागे लागली तर ब्रेक पूर्ण सैल करा. मोकळा परमिट तिच्यापेक्षा वेगवान असतो, ओढ लागलेला नसतो.

कायदा जिथे जाल तिथला आधी वाचा. बेलिझमध्ये २००९ पासून परमिट, बोनफिश आणि टार्पन पकडून सोडणं सक्तीचं आहे आणि खेळ म्हणून मासेमारीलाही परवाना लागतो. फ्लोरिडाच्या दक्षिण भागातल्या विशेष परमिट क्षेत्रात १ एप्रिल ते ३१ जुलै परमिट ठेवायला बंदी आहे. याच महिन्यांत मोठे मासे प्रवाळ कड्यांवर अंडी घालायला जमतात, म्हणून की वेस्टजवळच्या वेस्टर्न ड्राय रॉक्सवर २०२१ पासून त्या काळात मासेमारीच बंद ठेवली जाते. उत्तम भरती आणि चांगलं ऊन असूनही मे महिन्यात सपाटीवर मोठे परमिट दिसत नसतील, तर बहुधा ते तिथे गेलेले असतात.

मासा गेल्यावर शेवटचे तीन फूट फ्लुरोकार्बन ओठांवरून ओढून बघा. परमिट तळावर तोंड घासतो, त्यामुळे फ्लायजवळच्या फूटभरात खरखर लागतेच. तेवढा भाग कापा, फास नव्याने बांधा, गळाचं टोक नखावर घासून बघा, आणि दोरी फळीवर पुन्हा योग्य क्रमाने रचूनच बांबूवाल्याला पुढे चल म्हणा.